डावं कुणाचं

३ तारीख, मंगळवार

ठमे,

आधी कबूल करून टाकते. तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. रोज ठरवलं, आज लिहायचंच, आणि रोज काहीतरी निघालं. एकदा पेन नव्हतं. एकदा पेन होतं तर मालकीणबाईंनी चादरींचा ढीग पुढ्यात आणून टाकला. एकदा पेन आणि वेळ दोन्ही होतं, तर खिडकीच्या गजात एक मांजर डोकं अडकवून बसलं, ते सोडवण्यात दुपार गेली. (मांजर बरं आहे. मला ओरबाडलं.) हे सगळं खरं आहे आणि तरी यातलं एकही कारण नाही. कारण असं की तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून काही मागितलंस, आणि मागितलंस तेही एवढं मोठं.

दोन्हीकडे तुझा नंबर लागला हे वाचून मी लॉन्ड्रीत मोठ्यानं ओरडले. मालकीणबाई म्हणाल्या, "इस्त्री लागली का?" म्हटलं, "नाही, बहीण डॉक्टर होणार, दाताची." त्या म्हणाल्या, "मग तू इथे काय करतेस?" चांगल्या आहेत तशा. कॉलर बघून माणसाचं वय सांगतात आणि उशीचा अभ्रा बघून कोण रडतं ते. याआधी दोन महिने मी नावेवर तिकिटं फाडत होते, ते बंद झालं कारण... ते राहू दे.

तू लिहितेस, सतरा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत एक निवडायचं, मग बदलता येणार नाही. "तायडे, तू तिकडे भटकतेच आहेस, तर दोन्ही कॉलेजं स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि एवढंच कळव, डावं की उजवं." किती दिवसांनी कुणीतरी आपल्या घरातलं बोललं! बाबा कवळ्या करतात त्या खोलीत नावानं कुणाला ओळखायची पद्धतच नाही, दाताच्या नंबरानंच ओळखायचं. "वरची डावी चार आल्या होत्या का?" म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. मग कॉलेजं तरी कशी सुटतील? नकाशात आपलं गाव मधोमध, आवाक्यातली दाताची कॉलेजं दोनच, एक या अंगाला, एक त्या अंगाला. समजलं.

तर दोन्ही बघून आले. डावं घे. डोळे झाकून घे. वर्णन करत बसत नाही, पाच वर्षं तुलाच बघायचंय. उजव्याचा नाद सोड.

फोनच केला असता. पण तुझा मोबाइल परीक्षेपासून बाबांच्या खणात, खोलीतला फोन बाबाच उचलतात, आणि घड्याळवाल्या काकांना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून हेही पत्र बाबांच्या चोरून काकांच्याच दुकानी. आईला सांग, मी जेवते.

तुझी,
तायडी


९ तारीख, सोमवार (कार्ड)

ठमे, घाईत आहे. आधीचं पत्र विसर. डावं अजिबात नको. उजवं घे. उजवं! कारण कार्डावर लिहिता येत नाही, पोस्टमनपासून काकांपर्यंत सगळे वाचतात. (काका, नमस्कार.) मोठं पत्र मागून येतंय. तायडी.


१३ तारीख, शुक्रवार

ठमे,

तुझं सात तारखेचं उत्तर आज मिळालं. लॉन्ड्रीच्या पत्त्यावर आलेलं, मालकीणबाईंनी बसच्या ड्रायव्हरबरोबर इकडे पाठवलं. घाईत अक्षर वाकडं येतंय, समजून घे. नीट पहिल्यापासून सांगते, आणि या वेळी मधे मांजर येणार नाही.

पहिली गोष्ट. तीन तारखेला मी लिहिलं, दोन्ही बघून आले. खोटं होतं. एक बघितलं, तेही फाटकातून. लॉन्ड्रीपासून चार रस्त्यांवर ते काचेचं कॉलेज आहे, त्याचे पांढरे कोट आमच्याकडेच धुवायला येतात. दर सोमवारी साठ कोट, आणि एकावर डाग नाही. खिशाशी शाई, बस. मला वाटलं, काय टापटीप आहे! माझी ठमी अशाच कोटात शोभेल. दुसरं कॉलेज आपल्या गावाच्याही पलीकडे, बसनं बारा तास, तिथं कोण जाणार, म्हणून गेलेच नाही. एवढ्यावर मी तुझी पाच वर्षं ठरवली.

मग आठ तारखेला लॉन्ड्रीत एक टोपीवाला आला. लग्नाला, सभेला माणसं पुरवतो म्हणे. मला विचारतो, "दात दुखतात का?"

"नाही."

"मग उद्या सकाळी दुखू दे. कॉलेजात तपासणीचे लोक येणार आहेत. खुर्चीत बसायचं आणि आ करायचं. जेवण आमच्याकडे."

मला वाटलं, चला, कॉलेज आतून बघायला मिळेल, ठमीला वर्णन करून लिहीन. गेले. आमच्यासारखे दीडशे. सगळे एकमेकांना विचारतायत, तुला काय झालंय? एक आजोबा होते, तोंडात एकही दात नाही, ते म्हणाले, "मला दाढदुखी दिलीय." खुर्च्यांवरची प्लास्टिकं त्याच सकाळी काढली होती, कोपऱ्यात ढीग पडला होता. मला तिसऱ्या वर्षाचा मुलगा मिळाला. चेहरा गोड, हात गार. तोंडात घालायचा आरसा उलटा धरला आणि कुजबुजला, "ताई, कुठला दुखतो म्हणून लिहू?"

सवयीनं तोंडातून निघालं, "खालची डावी सहा."

त्यानं उजव्या बाजूला टोचलं! म्हटलं, "अहो, डावी." तर म्हणतो, "डावीच की." त्याच्या डाव्या हाताला होती ती. तिसरं वर्ष, आणि पेशंटचं डावं कळत नाही! मला इतकं हसू आलं की आरसा चावला. बाबांनी पट्टीच मारली असती. मग हळूच विचारलं, किती दात काढलेत आजवर? तो लाजला. "पेशंट येतच नाहीत ना. आम्ही मॉडेलवर करतो. शेवटच्या वर्षी काढू." आणि शेवटच्या वर्षाची मुलगी शेजारच्या खुर्चीवर त्यालाच विचारत होती, सुई कशी धरायची.

तेव्हा कोट का स्वच्छ असतात ते कळलं. बाहेर पडून धावत पोस्टात गेले आणि ते कार्ड टाकलं. दुसऱ्या दिवशी लॉन्ड्री सोडून इकडे आले, दुसऱ्या कॉलेजात, खरंच आले, त्यांच्याच आवारात पेशंटच्या नातेवाइकांची खोली आहे तिथं राहते. तीन दिवस बघतेय. इमारत जुनी, लिफ्ट नाही, तीन मजले जिने. सकाळी सातला रांग फाटकाबाहेर जाते. कोटांवर प्लास्टर, गुलाबी मेण, रक्ताचे ठिपके, आमच्या मालकीणबाई बघून आडव्या होतील. एक बुटकी मुलगी आहे, तिसऱ्याच वर्षाची, स्टुलावर चढून दाढ काढते. काल एका दांडग्या हमालाला म्हणाली, "दादा, रडायचं असेल तर आधी रडून घ्या, मग हलायचं नाही." आणि दोन मिनिटांत दाढ वाटीत! मी विचारलं, कितवी? म्हणाली, "साठनंतर मोजणं सोडलं." शिकवणारे सर पाठीशी उभे असतात, ओरडतात, मग तिच्याच हातानं पुन्हा करायला लावतात. ठमे, हे तुझं कॉलेज आहे. मी जिन्यात बसून ठरवून टाकलं.

आणि आज तुझं पत्र.

तू लिहितेस, "तू डावं म्हणालीस, मला बरं वाटलं. आई म्हणते जिने फार आहेत, पाय दुखतील, पण मी डावंच भरणार. बाबांना मात्र उजवं हवंय, ते काचेच्या इमारतीचं पत्रक त्यांनी भिंतीवर चिकटवलंय, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात."

मी तीनदा वाचलं. डाव्याला जिने? काचेचं उजवं?

मग आठवलं. डावं म्हणजे पेशंटचं डावं. पेशंट आपल्याकडे तोंड करून बसतो, त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला. बाबांनी आपल्याला बोलायला लागल्यापासून हेच शिकवलं. कपाटाचा डावा खण म्हणजे कपाटाचा डावा, कारण कपाट आपल्याकडे तोंड करून उभं असतं. भिंत तशीच, कॅलेंडर तसंच. आणि नकाशा तसाच! तू त्या खोलीत बसून लिहिलंस, तुझं डावं नकाशाचं डावं, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताचं, जिन्यांचं. मी तीन वर्षं बाहेर. नावेवर, बसमधे, सगळीकडे "डावीकडे म्हणजे डावीकडे, आंधळी आहेस का" ऐकून ऐकून माझं डावं कधी सगळ्यांसारखं झालं, मला कळलंही नाही. त्या मुलाला हसले, आणि स्वतः तेच केलं.

म्हणजे बघ. मी आधी चुकीचं कॉलेज सांगितलं, ते तू उलटं वाचलंस, आणि बरोबर झालं. मग मी बरोबर सांगायला गेले, आणि ते कार्ड तुझ्या हाती पडल्यावर तू काचेचं भरशील. बाबाही खूश, तायडीही तेच म्हणते, मग कोण अडवणार तुला? कार्ड कालच पोचलं असेल.

म्हणून आता डावं-उजवं नाही. काचेचं नको. जिन्यांचं घे. काचेचं नको. जिन्यांचं. पोस्टातली बाई म्हणते तीन दिवस, मधे रविवार, म्हणजे मंगळवार. मंगळवार सतरा तारीख. मी म्हटलं, पाचच्या आत ना? ती म्हणाली, "बाई, मी काय घेऊन जाणार आहे का स्वतः?"

बसनं सहा तासांत मी स्वतः येऊ शकते. हे तुझ्याही मनात आलं असेल. येत नाही. का, ते तुला माहीत आहे.

तायडी


१५ तारीख, रविवार

ठमे,

फोन केला.

काल दिवसभर फोनच्या डब्याभोवती घिरट्या घातल्या. आवारातल्या दुकानात फोन आहे, दुकानदार म्हणाला, "करायचाय का पुसायचाय?" आज सकाळी केला. बाबा रविवारीही मोटर चालू ठेवतात हे विसरले नव्हते. उचलला तेव्हा मागे ती कवळ्या घासायची घरघर चालू होती.

"बोला."

"बाबा, मी."

"कोण मी?"

"थोरली."

मोटर बंद झाली नाही. मग म्हणाले, "हं."

"ठमी आहे?"

"आईबरोबर बाहेर गेलीय."

"तिला निरोप द्या. तिला म्हणावं डावं..."

"कुणाचं डावं?"

एका क्षणात, ठमे! श्वाससुद्धा घेतला नाही मधे. मी हसले आणि डोळ्यांत पाणीच आलं, दुकानदार वळून बघायला लागला. मग मी भडाभडा बोलत सुटले. नकाशा, कार्ड, काच, जिने, टोपीवाला, प्लास्टिकचा ढीग, बुटकी मुलगी. आपण पत्रं लिहितो तेही सांगून टाकलं, रागावू नकोस, काकांचंही नाव आलं. मधे मोटर केव्हा थांबली कळलं नाही.

बाबा म्हणाले, "तू त्यांच्यापुढे तोंड उघडलंस? खोटी पेशंट होऊन?"

"हो."

"आरसा कसा धरला होता?"

"उलटा."

भिंतीवरच्या पत्रकाकडे बघत असतील असं मला वाटलं. ज्या डॉक्टरांच्या कवळ्या ते तीस वर्षं करतात ते त्यांना मिस्त्री म्हणतात, तुला माहीत आहे. काचेच्या दारातून तू आत जाताना त्यांनी मनात किती वेळा बघितलं असेल!

मग म्हणाले, "आणि दुसरं? तिथं जाऊन आलीस, की जाऊन आले म्हणतेस?"

हे मला लागायलाच हवं होतं, लागलं. वर्षभर डबा घेऊन क्लासला जाते म्हणून निघायची आणि बसस्टँडवर बसून गाड्या मोजायची, ती मीच. निकालाच्या दिवशी बाबा पेढे आणून, खोलीत चार शेजाऱ्यांना बसवून वाट बघत होते, आणि माझा नंबर कुठल्याच यादीत नव्हता. तुला आठवतं ना त्यांचं तोंड? ते मला एक शब्द बोलले नाहीत, तेच मला सहन झालं नाही, म्हणून घर सोडलं.

"तिथंच आहे," मी म्हटलं. "आवारातूनच बोलतेय."

"ते तू तेव्हाही म्हणायचीस," बाबा म्हणाले. "क्लासातूनच येतेय."

आणि फोन ठेवला.

त्यांनी तुला सांगितलं का? का पत्रक भिंतीवरच आहे? तुझ्या शेजारी बसून त्यांनी काचेचं भरायला लावलं तर तू नाही म्हणशील का? तुला नाही म्हणता येत नाही, ते सगळं मीच घेऊन गेले घरातून. जीव नुसता टांगणीला लागलाय.


१६ तारीख, सोमवार

कालचं पाठवलं नाही, दोन्ही एकाच पाकिटात घालते. दुपारी दोनच्या बसचा ड्रायव्हर रात्री आपल्याच गावात मुक्काम करतो, उद्या सकाळी दुकान उघडताच काकांच्या हातात देईन म्हणालाय. मी म्हटलं, नक्की? तो म्हणाला, "माझी सासू इथं दात करायला येते, मी तुमच्याशी वाकडं घेईन का?" म्हणजे उद्या दहापर्यंत तुझ्या हाती, पाचला सात तास बाकी. अजून वेळ आहे. तू आधीच भरून बसली नसशील तर वेळ आहे.

जिन्याखालच्या बाकावर बसून लिहितेय. सोमवार म्हणून रांग जास्त. बुटकी मुलगी मघाशी खाली आली, म्हणाली, "तुमची बहीण येणार का मग?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "येऊ दे. माझ्यापेक्षा उंच असली तर स्टूल तिला नको." तिला वाटतं तू येशील तेव्हा ती अजून इथंच असेल. असेल म्हणा, दोन वर्षं आहेत तिची.

मी काय करणार आहे ते ठरवलं नाही. मालकीणबाईंनी निरोप धाडलाय, चादरी साचल्यात. पण उद्या पाच वाजेपर्यंत मी इथून हलत नाही, हे एवढं पहिल्यांदाच कुठंतरी ठरवून बसले आहे. मला माहीत आहे इथं बसून तुझ्या फॉर्मला काही फरक पडत नाही. तरी उठलं की वाटतं, मी उठले म्हणून बिघडेल. तुझ्याकडचं काही कळायचा मार्ग नाही. दुकानात जाऊन पुन्हा फोन करावा म्हटलं, केला, घंटा वाजत राहिली. बाबांनी उचलला नाही. सोमवारी सकाळी, कामाच्या वेळी, त्या खोलीतला फोन कुणी उचलत नाही असं कधी झालंय का? आईला काही झालं का? तुला काही? पुन्हा केला. पुन्हा तेच. आता तर नाना शंका येतायत, आणि

ठमे, थांब.

बाबा आलेत.

नाव लिहून घ्यायच्या खिडकीपाशी उभे आहेत. मला आधी वाटलं बाबांसारखे कुणी. पण हातांना प्लास्टर आहे, नखांत, तसेच निघालेत. रात्रभर बसमधे बसून आले असतील, शर्ट पाठीला चुरगळलाय, पिशवीसुद्धा नाही बरोबर. मान वर करून जिना बघतायत, एकेक मजला. त्यांच्याजवळून ती बुटकी मुलगी गेली तर तिच्या कोटाकडे वळून बघत राहिले, ठिपके मोजत असल्यासारखे.

खिडकीतला माणूस विचारतोय, "दाखवायचंय का?"

"नाही. माझी मुलगी आहे इथं."

"शिकायला?"

"ती पुढच्या महिन्यात येईल," बाबा म्हणतायत. "आत्ता थोरली हवीय."